सरकलेल्या खुंट्या

१

शुक्रवारी सकाळी समिती नव्या रस्त्याची रेषा पाहायला आली आणि रेषा जागेवर नव्हती.

रेषा म्हणजे लाकडी खुंट्या, दुसरं काही नाही. महामार्ग गावाबाहेरून वळवायचा असला की तो कुठून जाणार ते आधी जमिनीवर दाखवावं लागतं. ठरावीक अंतरावर खुंट्या ठोकतात, प्रत्येकीवर लाल रंगात आकडा घालतात. मग समितीची मंडळी त्यांच्या कडेने चालत जातात, मान डोलावतात आणि रस्ता मंजूर होतो. मी रस्ते-कचेरीत नकाशे काढतो. ही रेषा माझ्याच हाताने कागदावर उतरलेली. फाट्यापासून सुटायची, रोपवाटिकेच्या मधून जायची आणि समोरचा चढ चढून नदीकडे उतरायची. सगळी सरळ, पट्टी लावून ओढलेली.

जमिनीवर मात्र खुंट्या रोपवाटिकेच्या अलीकडेच हळूहळू डावीकडे कलल्या होत्या. रोपवाटिकेला वळसा घालून त्या तिरक्या चढावर गेल्या होत्या. आमच्या कचेरीच्या साहेबांनी एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा शेताकडे पाहिलं, आणि मग आमच्या सर्व्हेयरकडे पाहिलं.

जागेवर ही रेषा आखून खुंट्या ठोकणारी आमची सर्व्हेयर म्हणजे पोरगीच म्हणायची. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. कामाला वाघीण, पण नोकरी अजून पक्की झालेली नाही. या रस्त्याचं काम नीट पार पडलं की पक्की व्हायची होती. तिला घरी एक आजोबा, बाकी कोणी नाही. आजोबा म्हणजे आमचे तात्या, एके काळचे याच कचेरीचे मोठे इंजिनिअर. त्यांच्या हाताखाली मी नोकरीला लागलो. मी पेन्सिल कशी धरतो यावरूनसुद्धा त्यांनी मला झापलं आहे, पण अडचणीच्या वेळी घरी येऊन उभे राहिले तेही तेच.

गुरुवारी सकाळी पोरीने सगळ्या खुंट्या तपासल्या होत्या, तेव्हा त्या जागेवर होत्या. म्हणजे मधल्या वेळेत कोणीतरी त्या हलवल्या. हे तिने सांगितलं असतं तर निदान मी तिच्या बाजूने तावातावाने भांडलो असतो. पण ती त्या खुंट्यांसमोर उभी राहिली, पांढरीफटक पडली आणि म्हणाली, "मीच चुकले असेन."

साहेबांना वेगळाच वास आला. खुंट्या सरकल्याने रोपवाटिका वाचत होती, आणि पोरीच्या टेबलावर त्याच रोपवाटिकेतलं एक रोप कुंडीत डोलत होतं. समितीला वाटेला लावून ते कचेरीत आले आणि त्यांनी तिला धारेवर धरलं. चूक असेल तर समजून घेऊ, पण रोपवाटिकेच्या बाईंसाठी रेषा हलवली असेल तर सोमवारनंतर या कचेरीत पाऊल ठेवायचं नाही, असं साफ सांगितलं. सोमवारी समिती पुन्हा बसणार होती. तोवर खुलासा द्यायचा.

पोरगी रोपाची कुंडी उचलून घरी गेली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

२

मी कचेरीतून तडक वहिनीकडे गेलो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, पण अख्खी कचेरी तिला वहिनीच म्हणते. हे नवे साहेबसुद्धा. निवृत्त होईपर्यंत तिचं काम एकच होतं. रस्त्यावर अपघात झाला की तिथे जायचं आणि दोष गाडीचा, माणसाचा की रस्त्याचा ते सांगायचं. टायरच्या खुणा बघून ती ड्रायव्हरला डुलकी कुठे लागली ते सांगायची. भल्याभल्या ठेकेदारांची तिच्यापुढे पाचावर धारण बसायची. माझ्या भावाचीही बसते, पण तो ते कबूल करत नाही.

मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिने मध्येच अडवून मला पाणी दिलं आणि विचारलं, "ती 'मीच चुकले असेन' म्हणाली, तेव्हा साहेबांनी तिला काही विचारलं होतं का?"

मी आठवून बघितलं. साहेब तोवर नकाशाच उलगडत होते. कोणी काही विचारायच्या आतच ती बोलली होती.

वहिनी म्हणाली की न केलेली चूक माणूस न विचारता गळ्यात घेतो तेव्हा त्याला खरी चूक कोणाची ते ठाऊक असतं. मी म्हटलं, वहिनी, ती पोरगी तशी नाही. ती म्हणाली, तशी नाही म्हणूनच तर म्हणतेय. मला काही उमगलं नाही, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"उद्या बूट घालून या, भाऊजी. चपला नकोत," ती म्हणाली. "आणि एक सांगा. गुरुवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

मी चाटच पडलो. माझ्याच वहिनीने मला संशयितांच्या रांगेत बसवलं होतं.

३

शनिवारी आम्ही रेषेवर गेलो. पिकं निघायला आली होती, काही शेतं मोकळी झाली होती. वहिनी पहिल्या खुंटीपासून चालत निघाली ती वाकून, हात पाठीमागे बांधून. मी मागोमाग घाम पुसत. माझं आयुष्य खुर्चीत गेलं आहे, मला उन्हात चालायची सवय नाही, आणि हे मी वाटेत दोन-तीनदा बोलून दाखवलं. तिने लक्ष दिलं नाही.

सरकलेल्या खुंट्यांपाशी ती थांबली. डोळा बारीक करून त्या ओळीकडे बघत राहिली. मग मलाही खाली बसवून बघायला लावलं. मी नकाशेवाला, मला वळण कळतं. बघितलं आणि माझ्या तोंडून "वा" निघून गेलं. इतकं सुरेख वळण होतं ते. आधी अगदी किंचित, मग थोडं जास्त, मग पुन्हा अलगद सरळ. गाडीतल्या माणसाला स्टिअरिंग फिरवल्याचंही कळलं नसतं. मी टेबलावर बसून चांगल्या साधनांनी याहून बरं काढू शकलो नसतो.

"म्हणजे रोपवाटिकेच्या बाईंनी नाही," मी म्हटलं.

"बाईंनी केलं असतं तर खुंट्या कुंपणाला लागून एका ओळीत गेल्या असत्या," वहिनी म्हणाली. "आणखी काय दिसतंय?"

मला आणखी काही दिसत नव्हतं. तेव्हा तिने बोटाने आकडे दाखवले. अलीकडच्या, न हललेल्या खुंट्यांवरचे आकडे आमच्याकडे, म्हणजे फाट्याकडे तोंड करून होते. बरोबरच आहे, मोजणी जिथून सुरू होते तिकडे आकड्याचं तोंड ठेवतात, म्हणजे चालत येणाऱ्याला तो समोर दिसतो. सरकलेल्या खुंट्यांवरचे आकडे मात्र वाचायला आम्हाला वळसा घालून पलीकडे जावं लागलं. त्या सगळ्यांची तोंडं नदीकडे होती. एकही चुकलेली नव्हती.

ज्याला याचं सोयरसुतक नाही तो खुंटी कशीही ठोकेल. काही आकडे इकडे, काही तिकडे. पण हा माणूस प्रत्येक खुंटी हातात घेऊन, फिरवून, नदीकडे तोंड करून ठोकत गेला होता. त्याच्या हाताला तशी सवय होती.

मी कपाळावर हात मारला. फार वर्षांपूर्वी आमची मुख्य कचेरी नदीच्या पलीकडे होती. तेव्हा या भागातले सगळे रस्ते नदीकडून मोजायचे. कचेरी इकडे आली आणि मोजणी उलटी झाली. नदीकडे तोंड करून खुंटी ठोकणारा माणूस त्या जुन्या कचेरीतलाच असणार.

त्या कचेरीतली माणसं आता किती उरली? मी. वहिनी. तात्या. आणि चौथा माणूस जुन्या रस्त्यावर पेट्रोल पंप चालवतो. तेव्हा तो रस्त्याच्या टोळीचा मुकादम होता. नवा रस्ता झाला की जुन्या रस्त्यावरच्या पंपावर काळं कुत्रं फिरकणार नाही.

"पंपवाला," मी म्हटलं, आणि वहिनी नुसती हसली.

४

पंपवाल्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि विचारायच्या आतच बोलायला सुरुवात केली. हो, नवा रस्ता त्याला नकोच होता. समितीसमोरही त्याने तसंच सांगितलं होतं आणि अजूनही सांगेल. त्याचं पोट या रस्त्यावर आहे. पण खुंट्यांना हात लावायचं पाप त्याने केलं नाही. मुकादम होता तेव्हा खुंटी हलवणाऱ्याला त्याने स्वतः चोप दिला होता.

मी बेरक्या चेहऱ्याने विचारलं की गुरुवारी रात्री तो कुठे होता. तो म्हणाला, इथेच. पंप रात्रभर चालू असतो, मोठे दिवे शेतापर्यंत पोचतात, आणि रात्रीच्या माणसाला त्याने मुद्दाम बजावलं होतं की खुंट्यांवर नजर ठेव, उद्या काही झालं तर लोक माझ्यावरच संशय घेतील. रात्री शेतात चिटपाखरू फिरकलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं की हा साफ खोटं बोलतोय.

"भाऊजी, ज्याला रस्ता नको असतो तो खुंट्या उपटून फेकून देतो," वहिनी म्हणाली. "पुन्हा इतक्या जिवापाड कोण ठोकत बसेल? ज्याने हे केलं त्याला रस्ता हवा आहे. आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त हवा आहे."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आलं नव्हतं याचा मला रागही आला. पण मग खुंट्या हलल्या कधी?

ते आम्हाला रोपवाटिकेत कळलं. बाई रोपांना पाणी घालत होत्या. त्यांनी आधी पोरीची बाजू घेतली. रोप त्यांनी दिलं नव्हतं, पोरीने दाम मोजून विकत घेतलं होतं, आजोबांना खिडकीत हिरवं काही आवडतं म्हणून. रोपवाटिका जाणार म्हणून बाईंनी पोरीला चार शब्द सुनावले होते, तेव्हा तिने मान खाली घालून ऐकून घेतले होते. मग रात्रीबद्दल विचारलं तर बाईंनी कानावर हात ठेवले. रात्री त्या झोपलेल्या होत्या.

वहिनीने विचारलं, "आणि गुरुवारी दुपारी?"

दुपारी काय, बाई म्हणाल्या, दुपारी तर तुमचाच माणूस काम करत होता की. हातोडा, टेप, डोक्यावर टोपी. दिवस कलल्यापासून अगदी सावकाश काम चाललं होतं त्याचं. कचेरीचाच माणूस समजून त्यांनी लक्ष दिलं नाही.

मला हसावं का रडावं कळेना. आम्ही रात्रीचा चोर शोधत होतो आणि त्याने भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काम उरकलं होतं. आमची जीप सकाळी जाते आणि जेवणाच्या आत परत येते. वर्षानुवर्षं हा शिरस्ता आहे. उन्हाआधी काम उरकायचं आणि दुपारी कचेरीत बसून आकडे मांडायचे. त्यामुळे दुपारनंतर त्या शेतात आमचं कोणी असूच शकत नव्हतं. पण हे बाईंना कसं कळावं?

"चेहरा पाहिलात?" मी घाईने विचारलं.

बाईंनी मान हलवली. तो माणूस चढाच्या बाजूला होता आणि त्या बाजूला संध्याकाळी बघवत नाही. ऊन सरळ डोळ्यात येतं.

मी हळहळलो. इतक्या जवळ येऊन हात रिकामे. पण वहिनी चढाच्या माथ्याकडे टक लावून बघत होती. मला म्हणाली, आज आपण अंधार पडेपर्यंत घरी जायचं नाही.

५

संध्याकाळी तिने मला रोपवाटिकेच्या मागच्या कुंपणापाशी उभं केलं. मूळ रेषा जिथून चढाला लागते तिथे, माझी पट्टीने ओढलेली रेषा. समोर मोकळं शेत, वर चढाचा माथा. म्हणाली, आता चढाकडे बघत उभे राहा आणि मला काय दिसतं ते सांगा.

सूर्य खाली येत होता. येत येत तो माथ्यावर टेकला, अगदी माझ्या रेषेच्या टोकावर. पुढे मला काहीच दिसेना. नुसता पिवळा उजेड. हात आडवा धरला, डोळे मिचकावले, काही उपयोग नाही. वहिनी म्हणाली, माथ्यावरून कोण येतंय? मी म्हटलं कोणी नाही. ती म्हणाली नीट बघा. मी पुन्हा म्हटलं कोणी नाही, आणि कडब्याने भरलेली बैलगाडी माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. गाडीवान मला बाजूला हो म्हणून ओरडत होता.

मी उडी मारून बाजूला झालो. मी उभा होतो म्हणून निभावलं. गाडीत बसून वेगाने येत असतो तर?

मग तिने मला डावीकडे नेलं, सरकलेल्या खुंट्यांच्या रेषेवर. तिथून चढ तिरका लागत होता. सूर्य उजवीकडे, बाजूला राहिला. माथा स्वच्छ दिसत होता, त्यावरचं एकेक झुडूप दिसत होतं.

ही रेषा उन्हाळ्यात आखली, वहिनी म्हणाली. तेव्हा सूर्य माथ्यापासून लांब, उजवीकडे मावळतो. आणि आखणारे सगळे सकाळी आले. समिती सकाळी आली, साहेब सकाळी आले. वर्षातून काही आठवडे, नेमकं पीक निघायच्या दिवसांत, जेव्हा ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, तेव्हाच संध्याकाळी हा माथा माणसाला आंधळा करतो. ते फक्त संध्याकाळी इथे येणाऱ्याला कळतं.

मी विचारलं, "संध्याकाळी इथे कोण येतं?"

"ज्यांनी आपल्याला झापून झापून काम शिकवलं ते. रोज फाट्यापासून फिरायला येतात," वहिनी म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता.

मी जागच्या जागी खाली बसलो. तात्यांचं नाव मी शनिवारी सकाळीच घेतलं होतं आणि लगेच सोडून दिलं होतं. तो देवमाणूस स्वतःच्या नातीच्या पोटावर पाय देईल हे मला पटणारच नव्हतं.

६

रविवारी सकाळी आम्ही तात्यांच्या घरी गेलो. पोरगी बाजारात गेली होती. तात्यांनी खिडकीजवळची खुर्ची वहिनीला दिली आणि मला स्टूल. पूर्वीसुद्धा ते असंच करायचे.

वहिनी इकडचं तिकडचं काही बोलली नाही. म्हणाली, "तात्या, काल संध्याकाळी मी त्या चढाखाली उभी राहिले होते."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दिसलं?"

"दिसलं."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि मला चक्क ते हसताना दिसले. त्यांना आनंद झाला होता. आणखी एका माणसाला दिसलं म्हणून. मग ते मोकळेपणाने बोलू लागले. संध्याकाळी बसने फाट्यापर्यंत जाऊन चालायचा त्यांचा नेम होता. नातीची रेषा म्हणून कौतुकाने बघायला गेले आणि माथ्यावरचा सूर्य पाहून झोप उडाली.

मी न राहवून विचारलं की मग सांगितलं का नाही. मी असं विचारायला नको होतं. तात्यांचा चेहरा उतरला.

गावातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर पुलाजवळ एक वळण आहे. त्या वळणावरच्या अपघातांनी किती घरं उद्ध्वस्त केली ते या भागात सगळ्यांना माहीत आहे. ते वळण तात्यांनी काढलं हे कचेरीत आम्हालाच माहीत, आणि आम्ही ते कधी तोंडावर आणत नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःच आणलं. तेव्हा त्यांना शंका आली होती, त्यांनी वरिष्ठांना विचारलंही होतं. वरिष्ठ म्हणाले, सही करा. त्यांनी केली.

"आता मी उठून म्हणालो असतो, नवी रेषा धोक्याची आहे, तर लोक काय म्हणाले असते? म्हाताऱ्याला आपलं वळण मोडवत नाही," तात्या म्हणाले. "आणि हिला सांगितलं असतं तर ही साहेबांशी भांडली असती. नोकरी पक्की व्हायच्या आधी. म्हटलं, आपणच सरकवू. समिती चालत जाईल, मान डोलावेल, संपलं. आमच्या वेळी जागेवर नकाशा उघडून कोणी पाहिलाय?"

खरं आहे. आमच्या वेळी नकाशा जीपमध्येच राहायचा. पण या वेळी मी तो असा झकास रंगवला होता की साहेबांना तो चारचौघांत उलगडल्याशिवाय राहवलं नाही. मी खाली मान घालून बसलो.

"पण झालं ते बरंच झालं," तात्या म्हणाले. "समितीने पसंत केली रेषा. हीच सांगत आली शुक्रवारी."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. पोरीने त्यांना ताकास तूर लागू दिली नव्हती. शुक्रवारी नदीकडे तोंड केलेले आकडे बघताक्षणी तिने ओळखलं होतं. तात्यांनी तिला लहानपणी अंगणात खुंट्या ठोकायला शिकवल्या होत्या, त्याही नदीकडे तोंड करूनच. आणि मग तिने दोन्ही ठिकाणी खोटं सांगितलं होतं. कचेरीत स्वतःची चूक म्हणून, आणि घरी सगळं छान झालं म्हणून.

वहिनीने तात्यांना खरं काय ते सांगितलं. उद्या तिची नोकरी जाणार, आणि तीही लाचखोर म्हणून.

तात्या साहेबांकडे जायला उठले. तेवढ्यात पिशवी घेऊन पोरगी दारात येऊन उभी राहिली. आम्हाला बघून तिला सगळं कळलं. ती आत आली, पिशवी खाली ठेवली आणि माझ्यावर डाफरली, "काका, तुम्हाला कोणी सांगितलं होतं यात पडायला?"



७

सोमवारी वहिनीने साहेबांकडून एकच गोष्ट मागून घेतली. समितीने सकाळी न येता संध्याकाळी यावं. साहेब कुरकुरले, पण वहिनीला नाही म्हणायची त्यांची प्राज्ञा नव्हती. पंपवाल्याला तिने त्याचा ट्रॅक्टर माथ्यावर आणून उभा करायला सांगितलं. त्याने तोही आणला, कारण रस्ता नको असला तरी त्याला कोणाचं मरण नको होतं.

साहेबांनी स्वतः जीप चालवली. मी आणि वहिनी मागे. मूळ रेषेवरून, मोकळ्या शेतातून जीप चढाला लागली. माथ्यावर काय आहे ते वहिनीने त्यांना सांगितलं नव्हतं. मध्यावर गेल्यावर साहेबांनी एक हात डोळ्यांवर घेतला. माथ्याशी पोचता पोचता वहिनी शांतपणे म्हणाली, "थांबा." साहेबांनी करकचून ब्रेक दाबला. काच खाली करून बघितलं तर ट्रॅक्टरचं चाक हाताच्या अंतरावर होतं.

त्यांनी काच वर केली. जीप मागे घेतली, खाली आणली आणि सरकलेल्या रेषेवरून पुन्हा वर नेली. ट्रॅक्टर पायथ्यापासूनच दिसत होता. साहेब खाली उतरले आणि त्यांनी समितीच्या एकेकाला जीपमध्ये बसवून दोन्ही रेषांवरून नेऊन आणलं. त्या माणसाबद्दल माझं मत त्या संध्याकाळी बदललं. चूक दिसल्यावर ती सगळ्यांना दाखवायला लाजला नाही.

मग त्यांनी विचारलं की खुंट्या कोणी हलवल्या.

पोरगी म्हणाली, "मी." आमच्यासोबत आलेले तात्या म्हणाले, "मी."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. त्यांना खरं कोण ते कळायला वेळ लागला नाही. त्यांनी तात्यांना आधी वाकून नमस्कार केला. मग त्यांच्या चेहऱ्यावर अवघडलेपण आलं. ही रेषा शंभर टक्के चांगली आहे, ते म्हणाले, पण ती समितीला अशी घेता येत नाही. सरकारी खुंट्या कोणी हलवल्या, कशासाठी, हे कागदावर आलं पाहिजे. आज एकाने चांगल्यासाठी हलवल्या, उद्या दुसरा आपलं शेत वाचवायला हलवेल. खुंट्या हलवणं हा गुन्हा आहे. तक्रार झाली तरच पोरीवरचा डाग पुसला जाईल, तरच नवी रेषा पुढे जाईल. आणि तक्रार खुंट्या ज्याच्या ताब्यात होत्या त्यानेच करायची असते.

म्हणजे नातीने. आजोबांविरुद्ध.

पोरगी म्हणाली, "मी नाही सही करणार. मला नोकरी नको."  मला तिचं इतकं वाईट वाटलं की मी साहेबांवर खेकसलो. नियमाला काही डोळे आहेत का, असं काहीसं म्हणालो. वहिनीने माझा हात धरून मला गप्प केलं.

तात्या हळूहळू तिच्यापाशी गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, जवळ घेतलं नाही. कचेरीत बोलायचे तसेच बोलले.

"जिथे नाही म्हणायला हवं होतं तिथे मी सही केली. त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे. आता जिथे सही करायला हवी तिथे तू नाही म्हणतेस. माझ्यासाठी. तो रस्ता माझ्यासाठी नाही, पोरी. त्यावरून येणाऱ्यांसाठी आहे."

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कोरा कागद ठेवला. पोरगी तिथे उभी राहून लिहू लागली. उजेड कमी होत होता. तिने नाव लिहिलं, तात्यांचं पूर्ण नाव, आणि तिथे तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.  पंपवाल्याने टोपी काढून हातात धरली होती. मी वहिनीकडे पाहिलं तर तिचे डोळे भरले होते. अपघातांच्या इतक्या जागा तिने पाहिल्या, पण मी तिला कधी असं पाहिलं नव्हतं.

लिहून झाल्यावर पोरीने सही केली आणि कागद साहेबांना न देता तात्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. त्यात तिने लिहिलं होतं की सरकारी खुंट्या या व्यक्तीने परवानगीशिवाय हलवल्या, तरी कायद्याने होईल ती कारवाई व्हावी. आणि त्याखाली लिहिलं होतं की या व्यक्तीने आखलेली रेषा मी आखलेल्या रेषेपेक्षा सुरक्षित आहे, मी स्वतः खात्री केली आहे, तीच कायम करावी अशी माझी शिफारस आहे.

तात्यांनी ते सगळं वाचलं. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि कागद स्वतःच्या हाताने साहेबांना दिला.